एक लाख पेट्या आणि लासूरचा पिन कोड

मेल वापरणारे हजाराचे दहा हजार झाले, दहा हजारांचे लाख झाले, की काय करावे? संगणक विभागांत, निविदांच्या मसुद्यांत आणि विक्रेत्यांच्या बैठकांत या प्रश्नाला ठरलेले उत्तर मिळते. यंत्र मोठे घ्या. एकाने भागत नसेल तर अनेक घ्या, पण त्यांच्यामागे साठवण एकच ठेवा, म्हणजे सगळा डोलारा एकजीव चालेल. प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत चालू ठेवा, म्हणजे काही बुडणार नाही. आणि हे झेपत नसेल तर एखाद्या बड्या कंपनीच्या हवाली करून मोकळे व्हा. चारही वाक्ये शहाणपणाची वाटतात, आणि चारहींच्या बुडाशी गृहीत एकच आहे: मेलचा प्रश्न हा ताकदीचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे असे की हे गृहीतच चूक आहे. मेलची व्यवस्था किती माणसांना पेलते, हे तिचे खरे माप नव्हे. ती मोडल्यावर किती तासांत पुन्हा उभी राहते, हे माप आहे. ते हातात धरले की यंत्रांची संख्या, पेट्यांची वाटणी आणि पत्त्यांची रचना वेगळीच निघते.

पूर्वपक्ष

विरोधी मत आधी दुबळे करून मग पाडण्यात पुरुषार्थ नाही; म्हणून ते त्याच्या सर्वांत भक्कम रूपात पाहू. अर्थलिंक या अमेरिकी इंटरनेट कंपनीतल्या निक ख्रिस्तेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आपल्या मेलव्यवस्थेचा आराखडा यूझनिक्स या संस्थेच्या परिषदेत मांडला. पुढे पत्रे घेणारी आणि ग्राहकाला देणारी साधी यंत्रे, सगळी एकसारखी. मागे नेटवर्कवरून वापरता येणारी साठवणयंत्रे, आणि त्यांवर सगळ्यांच्या पेट्या. पुढचे कोणतेही यंत्र कोणाचीही पेटी उघडू शकते. एखादे बंद पडले तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही. गर्दी वाढली की शेजारी आणखी एक लावायचे. त्या काळी हे उत्तम उत्तर होते. आजचेही पुष्कळ आराखडे याच रेषेवर आखलेले असतात.

दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातले यासुशी सैतो, ब्रायन बर्शड आणि हेन्री लेव्ही यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या पॉर्क्युपाइन या व्यवस्थेत पुढचे-मागचे हा भेदच नव्हता. प्रत्येक यंत्राने प्रत्येक काम करायचे. एकाच माणसाची पत्रे अनेक यंत्रांवर विखुरलेली असू शकतात, आणि एक यंत्र पडले की उरलेली त्याचे काम आपसांत वाटून घेतात. एकजीवपणाचा याहून शुद्ध आविष्कार मेलच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

या विचारांमागे खरे दुखणे होते, हेही मान्य केले पाहिजे. जुन्या पद्धतीत माणसाची सगळी पत्रे एका लांबलचक फाइलमध्ये एकामागून एक जोडली जात. नवे पत्र आत येत असतानाच मालक जुने पत्र पुसत असेल तर फाइल बिघडे, म्हणून तिला कुलूप घालावे लागे. आणि नेटवर्कवरच्या साठवणीत ते कुलूप भरवशाचे नसे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या प्रणालीसाठी यावर साधी तोड काढली. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल, तीन खण, आणि एका खणातून दुसऱ्यात जाताना नुसता नावाचा बदल. कुलपाची गरजच उरली नाही. क्यूमेल वापरणाऱ्या मोठ्या स्थळांची जी यादी बर्नस्टाइन देत, तिच्यात मुंबईच्या रेडिफमेलचे नाव होते. ज्यांचा आयुष्यातला पहिला ईमेल पत्ता रेडिफचा होता अशा मराठी वाचकांनी ही कारागिरी नकळत वापरलेली आहे.

म्हणजे पूर्वपक्षाला इतिहास आहे, आणि तो चालतोही. तो चालू असताना किती ऐटीत चालतो, हा वादाचा विषय नाही. तो थांबल्यावर काय होते, हा आहे.

ताकद लागते तरी किती?

थोडे गणित करू. एका जिल्ह्यातल्या शाळा, महाविद्यालये, पतसंस्था, बाजार समित्या आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी मिळून एक लाख पेट्या चालवायच्या आहेत असे समजा. प्रत्येक पेटीत रोज ३० पत्रे येतात आणि पत्राचे सरासरी वजन १०० किलोबाइट आहे असेही समजा. हे आकडे मानलेले आहेत. कोणी ते दुप्पट करावेत, युक्तिवाद तोच राहील.

दिवसाची पत्रे ३० लाख. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सेकंदाला सरासरी ३५ पत्रे; सकाळी कचेऱ्या उघडतानाची गर्दी तिप्पट धरली तर १०५. वजनात सांगायचे तर सेकंदाला साडेदहा मेगाबाइट. साध्या गिगाबिट जोडणीतून सेकंदाला सव्वाशे मेगाबाइट जाऊ शकतात. लाख माणसांची भर गर्दीची डाक त्या तारेचा दहावा हिस्साही व्यापत नाही.

मग डिस्कचे काय? मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी फिरती डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास विखुरलेली वाचने-लेखने करते. एक पत्र ठेवायचे म्हणजे फाइल निर्माण करणे, ती डिस्कवर पक्की झाल्याची खात्री करणे, नाव बदलणे, सूची सुधारणे. पाच-दहा हालचाली सहज होतात. १०५ पत्रांना हजारभर हालचाली, म्हणजे दहा-बारा डिस्क. पूर्वी मेलचे सर्व्हर दमत ते इथे. साठ्याला जागा भरपूर असे, पण डिस्कचा काटा धावून धावून थके. फिरता भाग नसलेल्या एसएसडी डिस्क आल्या आणि ही अडचणही गेली. त्या सेकंदाला हजारोंनी हालचाली करतात.

उरली वाचणाऱ्यांची गर्दी. फोनवरचे मेलचे ॲप सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून बसते, म्हणजे नवे पत्र आले की लगेच कळावे. पेटी सर्व्हरवरच ठेवून वाचण्याच्या आयमॅप या पद्धतीत ही सोय १९९७ मध्ये आली. माणशी दोन उपकरणे धरली तर दोन लाख उघड्या जोडण्या होतात. आकडा भयंकर दिसतो, पण यातल्या बहुतेक जोडण्या नुसत्या बसून असतात. त्या स्मृती खातात, प्रोसेसर नाही. आणि काही यंत्रांत वाटल्या की संपले.

आता साठा पाहू. रोजचे ३०० गिगाबाइट. कोणीच काही पुसले नाही तर वर्षाला सुमारे ११० टेराबाइट. एवढे एका साठवणयंत्रात आज सहज मावते, आणि पूर्वपक्ष याच जागी समाधानाने थांबतो. आपण पुढचा प्रश्न विचारू. ही साठवण पार बिघडली आणि सगळे बॅकअपवरून पुन्हा भरायचे झाले तर? सेकंदाला २०० मेगाबाइटचा वेग अखंड मिळाला असे उदारपणे धरले तरी साडेपाच लाख सेकंद लागतात. म्हणजे सहा दिवस नऊ तास. लहान लहान कोट्यवधी फाइली असतील तर तो वेगही मिळत नाही. एवढा काळ लाख माणसांची पेटी बंद.

हाच साठा वीस सारख्या वाट्यांत ठेवला तर प्रत्येक वाटा साडेपाच टेराबाइटचा आणि पाच हजार माणसांचा. एक वाटा बुडाला तर तो भरायला सुमारे साडेसात तास लागतात. आणि उरलेल्या पंचाण्णव हजार माणसांना शेजारी काय घडले हे कळतही नाही. माणसे तीच, पत्रे तीच, बॅकअपचा वेगही तोच. फरक पडला तो निव्वळ वाटणीने. गणिताने सांगितले ते एवढेच: अनेक यंत्रे लागतात ती भार वाहायला नव्हे, दुरुस्तीसाठी लागतात.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

पूर्वपक्षाचे यावर ठरलेले उत्तर आहे. साठवण अशी बिघडणारच नाही, कारण तिच्यात प्रत्येक डिस्कला जोडीदार आहे, प्रत्येक नियंत्रकाला बदली आहे, आणि दुसऱ्या शहरात सगळ्याची चालती प्रत आहे. डिस्क मेली, वीज गेली, इमारतीत पाणी शिरले, तर ही तटबंदी खरोखर उपयोगी पडते. पण चुकीची आज्ञा, सदोष सॉफ्टवेअर किंवा खंडणीखोर व्हायरस यांच्यापुढे ती निरुपयोगी आहे. चालती प्रत मूळची चूकही इमानाने उतरवून घेते, आणि तीही काही सेकंदांत.

याचा पुरावा ज्या कंपनीकडे साधनांची कधीच वाण नव्हती तिच्याकडूनच मिळतो. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस जीमेलच्या काही वापरकर्त्यांना आपल्या पेट्या रिकाम्या दिसल्या. गूगलच्या सांगण्यानुसार ही संख्या एकूण वापरकर्त्यांच्या ०.०२ टक्के होती. त्यांची पत्रे अनेक डेटा केंद्रांत अनेक प्रतींत ठेवलेली होती; पण साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलातला दोष त्या सगळ्या प्रतींना भोवला. पत्रे परत आली ती चुंबकीय टेपवरून, कारण टेप जाळ्यापासून तुटलेली असते आणि अशा दोषाचा तिला स्पर्श होत नाही. प्रतींवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने ही घटना पाठ करावी.

मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज या आपल्या मेलप्रणालीसाठी शिफारस केलेली रचनाही याच दिशेची साक्ष देते. तिथे पेट्यांच्या प्रत्येक डेटाबेसच्या चार प्रती ठेवायच्या असतात, पण चौथी प्रत मुद्दाम सात दिवस मागे ठेवलेली असते. ताज्या प्रती चूकही ताजी ठेवतात, हे कबूल केल्याशिवाय अशी मागे रेंगाळणारी प्रत कोणी ठेवणार नाही. शिवाय हेही ध्यानात घ्यावे की इथेही पेट्या अनेक डेटाबेसांत वाटलेल्या आहेत. सगळ्यांना मिळून एक साठवण नाही. ज्यांच्या आकाराचा दाखला देऊन लहानांना घाबरवले जाते, ते स्वतः वाटे करूनच जगतात.

न थांबणे आणि न हरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट करायला हवे. मेलचा मूळ करार थांबण्याला क्षमा करतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या एसएमटीपी या मेल पोचवण्याच्या नियमांपासून आजवर पाठवणाऱ्या सर्व्हरवर ही जबाबदारी आहे की समोरचा उत्तर देत नसेल तर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. २००८ च्या सुधारित नियमांत हा धीर किमान चार-पाच दिवसांचा असावा असे म्हटले आहे. म्हणून विसांतला एक वाटा साडेसात तास बंद राहिला तरी त्या काळात आलेले पत्र हरवत नाही. ते पाठवणाऱ्याच्या रांगेत उभे राहते. जुने पत्र मात्र आपल्याच पेटीत असते आणि ते गेले तर जगात दुसरीकडे कुठे नसते. पूर्वपक्ष आपला बहुतेक पैसा न थांबण्यावर खर्च करतो आणि न हरवणे त्यातच आले असे मानून चालतो. क्रम उलटा हवा.

वाटणीची किल्ली

आता मंडनाकडे. पेट्या वीस यंत्रांवर वाटल्या, तर कोणाची पेटी कुठे हे कसे ठरवायचे? इथे पहिली चूक होते ती माणसाच्या एखाद्या गुणावरून जागा ठरवण्याची. आडनावाच्या आद्याक्षराने वाटले तर मराठवाड्यात पाटील, पवार आणि जाधव यांची यंत्रे कण्हत राहतील आणि ‘ऋ’चे यंत्र झोपा काढील. तालुक्याप्रमाणे किंवा खात्याप्रमाणे वाटले तर बदली झाली की पेटीही हलवावी लागेल. पत्त्यावरून एक संख्या काढून तिला वीसने भागून बाकीप्रमाणे वाटले तर वाटणी छान समान होते. पण एकविसावे यंत्र आले की भाजक बदलतो आणि शंभरातल्या पंचाण्णव पेट्यांचे घर बदलते. डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या युक्तीने हा गोंधळ आटोक्यात येतो खरा. तरीही अमुक एक अवजड पेटी उचलून तमुक यंत्रावर ठेवावी, एवढे स्वातंत्र्य तिच्यात नाही.

या कोड्याचे चांगले उत्तर टपालखात्याने कागदाच्या काळात दिले आहे, आणि त्याचा नमुना म्हणून लासूर स्टेशन पाहण्यासारखे आहे. हे गाव गंगापूर तालुक्यातले, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. गंगापूरचा पिन कोड ४३११०९. छत्रपती संभाजीनगरचा ४३१००१. आणि लासूर स्टेशनचा ४२३७०२. तालुका आणि जिल्हा ४३१ च्या गटात, गाव मात्र ४२३ च्या. त्या गटातले शेजारी पाहावेत: वैजापूर ४२३७०१, कोपरगाव ४२३६०१, येवला ४२३४०१, मनमाड ४२३१०४. एक याच जिल्ह्यातले, एक अहिल्यानगरचे, दोन नाशिकचे. महसुली नकाशा घेऊन बसलेल्याला ही गफलत वाटेल. रेल्वेचा नकाशा घेतला की चित्र वेगळे दिसते: निजामाच्या काळात १९०० मध्ये सुरू झालेल्या हैदराबाद–मनमाड मार्गावर मनमाडहून निघाले की नगरसूल, मग वैजापूरसाठीचे रोटेगाव, मग लासूर ही स्थानके ओळीने येतात.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोडची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल-तार खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतचा पंडित आणि नाटककारही होता. त्यांनी सहा आकड्यांत काय साधले? पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन टपालघर. हा वर्गवारीचा जिल्हा महसुली जिल्ह्याशी जुळलाच पाहिजे, असा हट्ट त्यांत नाही. पत्रावर तालुका गंगापूर लिहिलेले असते आणि त्याच ओळीत ४२३७०२ असते. दोन्ही खरे असतात, कारण एक माणसाचे सामाजिक ठिकाण सांगते आणि दुसरे डाकेची वाट. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले, कचेऱ्यांच्या पाट्या आणि शिक्के बदलले. लासूरचा क्रमांक बदलण्याचे कारण पडले नाही. जे बदलू शकते त्यावर वर्गवारी टांगलेली नव्हती.

मात्र पिन कोड जसाच्या तसा मेलला लावता येणार नाही. तो क्रमांक पत्रावर छापलेला असतो. वाट बदलायची तर लोकांनी नवा क्रमांक लिहायला शिकावे लागते. मेलमध्ये याहून चांगली सोय आहे. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या एमएक्स नोंदींमुळे ‘या डोमेनची डाक अमुक यंत्रांकडे द्या’ हे डोमेनचा मालक स्वतः जाहीर करतो आणि हवे तेव्हा बदलतो. पत्त्यात यंत्राचे नाव येत नाही. त्या दाराच्या आत दुसरा टप्पा: एक साधा तक्ता, ज्यात प्रत्येक पत्त्यापुढे त्याच्या पेटीचे यंत्र लिहिलेले असते. लाख ओळी, ओळीला शंभर बाइट, म्हणजे सगळा तक्ता दहा मेगाबाइटचा. एवढ्यासाठी चतुर गणिताची गरज नाही. तो कुठल्याही फोनच्या स्मृतीत मावेल.

कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या सायरस या प्रणालीची ‘मर्डर’ नावाची रचना अशीच आहे. पुढची यंत्रे जोडणी घेतात, पेटी कुठे आहे ते एका जाणत्या सर्व्हरकडून कळते, आणि मागच्या ज्या यंत्रावर ती पेटी आहे तिकडे जोडणी पोचवली जाते. डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स या मोफत मिळणाऱ्या प्रणालींनीही हेच बांधता येते. वेबमेल यात काही विशेष मागत नाही. तोही पेटीचा एक वाचकच. फक्त त्याला पेटीच्या यंत्रावर बसवू नये, आणि त्याच्या सत्रांची माहिती कोणा एका यंत्राच्या पोटात ठेवू नये, म्हणजे माणसाची पुढची टिचकी दुसऱ्या यंत्राकडे गेली तरी बिघडत नाही. वेबमेल प्रत्येक टिचकीला नवी जोडणी उघडतो; मधे जोडण्या राखून ठेवणारा दलाल बसवला की पेटीच्या यंत्राची दमछाक थांबते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: वाटा बुडाला की पाच हजार माणसे तरी अडतातच, एका साठवणीत पुढचे यंत्र पडले तर कोणीच अडत नाही. खरे आहे, म्हणून प्रत्येक वाट्याला एक जोडीदार द्यावा. पण ती जोडी त्या वाट्यापुरती असावी, सगळ्यांना बांधणारी नसावी. आणि तिच्याशिवाय जाळ्यापासून तुटलेला, मागच्या तारखेचा बॅकअप असावाच. जोडीदार थांबू देत नाही, बॅकअप हरवू देत नाही. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

दुसरा आक्षेप: तक्ता हेच नवे मर्मस्थान झाले. तसे नाही, कारण तो अवघा दहा मेगाबाइटचा आहे. त्याची प्रत पुढच्या प्रत्येक यंत्रावर ठेवता येते. मूळ तक्ता ठेवणारे यंत्र बंद पडले तर जुन्या प्रतींवर सगळे काम चालू राहते. फक्त नव्या पेट्या उघडणे आणि हलवणे तेवढे थांबते. ११० टेराबाइटच्या मर्मस्थानाऐवजी दहा मेगाबाइटचे मर्मस्थान हा सौदा कोणीही करावा.

तिसरा आक्षेप: वाटे असमान होणार. होणारच, म्हणून पेटी हलवणे हे रोजचे काम असले पाहिजे. पेटी चालू असतानाच तिची नक्कल नव्या यंत्रावर करायची. मग थोडा वेळ नवी पत्रे रांगेत रोखायची. मधल्या काळात आलेली उरलीसुरली उतरवायची. तक्त्यातली एक ओळ बदलायची आणि रांग सोडायची. मालकाला क्षणभर अडखळल्यासारखे वाटेल, इतकेच. जी व्यवस्था आठवड्याला चार पेट्या हलवते तिला संकटात चारशे हलवणे जड जात नाही. ज्या व्यवस्थेत पेटी हलवायला खास परवानगी आणि रविवारची रात्र लागते, तिथे वाटणी कागदावरच आहे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एका खात्याची सामायिक पेटी दहा जण उघडतात, आणि ते दहा जण वेगवेगळ्या वाट्यांवर असतील तर? याची किंमत मोजावी लागते. एकत्र काम करणाऱ्यांना शक्यतो एका वाट्यावर ठेवावे, आणि जिथे जमत नाही तिथे वाट्यांतून वाट्यांत जाणारी जोडणी सोसावी. तक्ता असल्यामुळे ही निवड आपल्या हाती राहते. पॉर्क्युपाइनच्या कर्त्यांनाही हीच ओढाताण जाणवली होती. एका माणसाची पत्रे किती यंत्रांवर पसरू द्यावीत याला त्यांनी स्वतःच मर्यादा घातली होती, कारण पूर्ण विखुरल्यावर पेटी उघडायला सगळ्यांचे दार ठोठावावे लागते. एकजीवपणाचा सर्वांत निष्ठावंत प्रयोगही अखेर पेटीला घर देण्याकडे वळला.

शरणागतीचे मत

आता सुरुवातीच्या चारांतले चौथे वाक्य: बड्या कंपनीकडे सोपवा. यातला खरा भाग आधी मान्य करतो. बाहेर जाणारी डाक आज अवघड झाली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांवर कडक अटी लावल्या आहेत. जीमेलच्या पेट्यांकडे दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पत्रे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही ओळखी दाखवाव्या लागतात, आणि त्याच्याविरुद्धच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. नव्या, अनोळखी यंत्राची पत्रे कचऱ्याच्या खणात जातात. पाठवणाऱ्याची पत ही गोष्ट यंत्र विकत घेऊन मिळत नाही.

पण हा प्रश्न पाठवण्याचा आहे, पेट्या सांभाळण्याचा नाही. बाहेर जाणारी डाक पत असलेल्या मध्यस्थामार्फत पाठवावी आणि पेट्या आपल्याकडे ठेवाव्यात, हे सहज जमते. उलट, पेट्या भाड्याच्या ठेवून पत्ता आपला ठेवणेही जमते. केंद्र सरकारचा दाखला ताजा आहे. २०२५ मध्ये केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेल्या, आणि पत्ते मात्र पूर्वीचेच, सरकारी डोमेनचेच राहिले. उद्या त्या पेट्या आणखी कुठे न्यायच्या ठरल्या तरी नागरिकाला नवा पत्ता शिकावा लागणार नाही.

लासूर स्टेशनसारख्या गावातल्या शाळेने, पतसंस्थेने किंवा कांद्याच्या व्यापाऱ्याने स्वतःचा सर्व्हर मांडून बसावे, असे मी म्हणत नाही. तसे केले तर तो वेडेपणा ठरेल. पण अशा कित्येक संस्थांच्या लेटरहेडवर फुकटच्या सेवेचा पत्ता छापलेला असतो. तिथे पेटीबरोबर पत्ताही दुसऱ्याच्या मालकीचा झालेला असतो, आणि सेवा बंद झाली, खाते गोठले किंवा पासवर्ड माहीत असलेला कारकून निघून गेला की संस्थेला आपली ओळखच नव्याने छापावी लागते. डोमेन स्वतःचे घ्यावे, पेट्या हव्या तिथे ठेवाव्यात. शरणागती पत्करायचीच तर पेटीपुरती पत्करावी, पत्त्याची नको.

सिद्धान्त

सारांश तीन कलमांत सांगता येतो. पत्ता संस्थेचा असावा आणि त्यात यंत्राची, खात्याची, जागेची खूण नसावी. प्रत्येक पेटीला एकच घर असावे, आणि ते घर तक्त्यातली एक ओळ बदलून बदलता यावे. घराचा आकार दुरुस्तीच्या वेळेवरून ठरावा. हे तिसरे कलम मोजता येते. संस्थेने आधी सांगावे की पेट्या किती तास बंद राहिलेल्या चालतील. आठ तास म्हटले आणि बॅकअपवरून भरण्याचा वेग सेकंदाला २०० मेगाबाइट आढळला, तर एका वाट्याची कमाल मर्यादा पावणेसहा टेराबाइट. तिच्या दोन तृतीयांशावर नव्या पेट्या थांबवाव्यात आणि पुढचे यंत्र लावावे. वेग मात्र विक्रेत्याच्या पत्रकातला घेऊ नये. खरोखर एक वाटा रिकाम्या यंत्रावर भरून मोजावा, आणि दर वर्षी पुन्हा मोजावा, कारण साठा वाढतो आणि फाइली बारीक होत जातात.

यासाठी निविदांचा एक रकाना बदलला तरी पुरे. ‘किती वापरकर्त्यांसाठी’ असे विचारले की प्रत्येक विक्रेता लाख म्हणतो, आणि तो खोटेही बोलत नसतो. वरच्या गणिताने लाख माणसे फारशी जड नाहीत हे दिसलेच आहे. ‘एक वाटा पूर्ण बुडाल्यावर किती तासांत, आणि बुडालेला असताना किती माणसे अडतील’ असे विचारले की आराखड्यांतला फरक पहिल्याच बैठकीत उघडा पडतो.

हे मत खोडून काढायचे असेल तर त्याला वाट आहे, आणि ती अवघडही नाही. एकच साठवण पुरे असे म्हणणाऱ्याने ती साठवण ग्राहकासमोर पूर्ण रिकामी करावी, बॅकअपवरून शेवटच्या पत्रापर्यंत भरावी, आणि कचेरी सुटण्याच्या आत लाख पेट्या उघडून दाखवाव्यात. ते जमले तर वाटण्याची खटपट व्यर्थ आहे, असे मी मानीन. जोवर कोणी ते करून दाखवत नाही, तोवर मोठ्या यंत्राची स्तुती ही त्याच्या चालू असलेल्या दिवसांची स्तुती आहे, आणि व्यवस्था पारखायची असते ती बंद पडलेल्या दिवशी.